पंप आणलात, आता करून दाखवा

“डॉक्टर, पंप रोज देतेय हो, पण फरकच पडत नाही.” तालुक्याच्या गावी मुलांचा दवाखाना चालवताना हे वाक्य आठवड्यातून दोन-चार वेळा तरी कानावर पडतं. पूर्वी ते ऐकलं की मी मात्रा वाढवायचो, नाहीतर औषध बदलायचो. आता आधी एवढंच म्हणतो, “घरी कसा देता, ते मला करून दाखवा.”

मागच्या पावसाळ्यात सहा वर्षांच्या एका मुलाच्या आईने असाच पिशवीतून दम्याचा पंप काढला. न हलवताच तो स्पेसरला, म्हणजे मधल्या पोकळ नळीला, लावला, मास्क मुलाच्या तोंडावर धरला आणि लागोपाठ तीनदा दाबला. मास्क नाकाच्या दांडीपाशी बोटभर उचललेला होता. पांढरा फवारा त्या फटीतून वर आला, मुलाने डोळे मिटून मान फिरवली आणि तिने मास्क काढून घेतला. पाच सेकंदांत सगळं आटोपलं. तीन महिने तिने एक दिवसही चुकवला नव्हता. पैसे खर्च केले होते, रडणाऱ्या पोराला रोज समजावलं होतं, आणि औषध मात्र हवेत जात होतं. चिठ्ठीवर ‘सकाळ-संध्याकाळ पंप’ एवढंच लिहून तिला घरी पाठवणारा मीच होतो.

गोळी गिळली की तिचं काम आपसूक सुरू होतं. पंपाचं औषध फुप्फुसापर्यंत पोचवावं लागतं, आणि ते पोचवणारे हात घरातले असतात. म्हणून बालदम्यात शिकवणं हा उपचाराचाच भाग धरायला हवा. याला पुरावाही भक्कम आहे. कॉक्रेन संस्थेच्या २००९ च्या आढाव्यात ३८ अभ्यासांतली ७,८४३ मुलं होती. दम्याचा झटका येऊन रुग्णालयात जावं लागलेल्या मुलांना आणि त्यांच्या पालकांना नीट शिकवल्यावर पुन्हा तातडीच्या विभागात जाण्याचं प्रमाण सुमारे एक चतुर्थांशाने घटलं, दाखल होण्याचं सुमारे एक पंचमांशाने. २०२४ च्या जागतिक दमा दिनाचा विषयही दम्याचं शिक्षण हाच होता. या लेखात मी तेच करणार आहे: दवाखान्यात वेळेअभावी राहून जातं, ते सावकाश सांगणार आहे.

आधी नाव नीट घेऊ या

‘छाती भरते’, ‘कफ होतो’, ‘सर्दी छातीत उतरते’, ‘ॲलर्जीचा खोकला आहे’ अशी कितीतरी नावं आपण वापरतो. दमा हा शब्द तोंडातून काढायला घरचे घाबरतात आणि डॉक्टरही टाळतात. मुलीच्या बाबतीत तर ‘पुढे लग्नाला अडचण’ हा विचार मनात असतोच. पण नाव टाळलं की उपचारही टळतो. भारतातल्या मुलांची आणि पालकांची मोठी पाहणी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. छातीत शिटीसारखा आवाज येणाऱ्यांपैकी ८२ टक्के लोकांना दम्याचं निदान झालेलंच नव्हतं.

संशय कधी घ्यावा? रात्री झोपेत किंवा पहाटे खोकल्याची उबळ येते. पळाल्यावर, खूप हसल्यावर किंवा रडल्यावर खोकला लागतो. श्वास सोडताना सूं सूं आवाज येतो. प्रत्येक सर्दी दहा-पंधरा दिवस छातीत रेंगाळते. घरात कोणाला दमा, त्वचेची किंवा नाकाची ॲलर्जी आहे. यातलं काही पुन्हा पुन्हा घडत असेल, तर डॉक्टरांना सरळ विचारा, “हा दमा आहे का?” पाच-सहा वर्षांनंतर फुंकण्याची तपासणी करून निदान पक्कं करता येतं. त्याआधी लक्षणांवरून आणि औषधाला मिळणाऱ्या प्रतिसादावरून ठरवावं लागतं. लहानपणी सर्दीबरोबर छाती वाजणाऱ्या बऱ्याच मुलांचा त्रास शाळेत जाईपर्यंत थांबतो, हेही लक्षात असू द्या.

दम्यात आत काय होतं? सर्दीत नाकाचं अस्तर सुजून नाक चोंदतं, तसंच श्वासनळ्यांचं अस्तर सुजतं. भोवतीचे स्नायू आवळतात आणि आत चिकट कफ साठतो. मुलाला कसं वाटत असेल, हे कळायला एक गोष्ट करून पाहा: नाक धरा, बारीक स्ट्रॉ तोंडात धरा आणि फक्त तिच्यातून अर्धा मिनिट श्वास घ्या. घरातल्या सगळ्यांनी एकदा हे करावं. ‘नाटकं करतो, शाळा बुडवायला निमित्त’ असं त्यानंतर कोणी म्हणत नाही.

दोन पंप, दोन कामं

दम्याचे पंप साधारणपणे दोन प्रकारचे असतात, आणि सर्वाधिक घोटाळा इथेच होतो.

तातडीचा पंप आवळलेले स्नायू सैल करतो. त्यात बहुधा साल्ब्युटामॉल असतं. काही मिनिटांत आराम पडतो, पण आतली सूज तशीच राहते.

रोजचा पंप ही सूज कमी करतो. त्यात बुडेसोनाइड, फ्लुटिकासोन किंवा बेक्लोमेथासोनसारखं स्टिरॉइड अगदी थोड्या मात्रेत असतं. घेतल्या घेतल्या काही जाणवत नाही, परिणाम दिसायला काही दिवस ते काही आठवडे जातात. म्हणूनच घरोघरी तो ‘गुण येत नाही’ म्हणून कपाटात जातो आणि तातडीचा पंप देवासारखा उशाशी राहतो. ही उलटी मांडणी धोक्याची आहे. मोठी मुलं आणि प्रौढ यांच्यासाठी जागतिक मार्गदर्शक सूचनांनी २०१९ पासून नुसत्या तातडीच्या पंपावर भागवू नये असं सांगितलं आहे. वर्षाकाठी तातडीच्या पंपाच्या तीन किंवा त्याहून जास्त डब्या संपत असतील, तर दमा आटोक्यात नाही असं समजा आणि डॉक्टरांकडे जा. बारा वर्षांपुढच्या काही मुलांना दोन्ही कामं करणारा एकच पंप दिला जातो. तसं असेल तर डॉक्टरांकडून वेगळं समजून घ्या.

तातडीचा पंप बहुतेकदा निळा असतो, पण सगळ्या कंपन्या रंग पाळत नाहीत. घरी आणल्याबरोबर दोन्हींवर पांढरी चिकटपट्टी लावा आणि ठळक लिहा: ‘रोजचा’, ‘त्रास झाल्यावर’. उघडल्याची तारीखही टाका. १२० पफची डबी दिवसाला दोन पफप्रमाणे ६० दिवसांत संपते. त्यानंतर फवारा येताना दिसला तरी त्यात औषध पुरेसं असेलच असं नाही. डबी पाण्यात टाकून तरंगते का बघण्याची रीत चुकीची आहे, ती सोडा.

हात बसेपर्यंत

लहान मुलाला पंप नेहमी स्पेसरमधूनच द्यावा. स्पेसर म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामधली पोकळ नळी. फवारा तिच्यात थांबतो आणि मूल आपल्या गतीने तो ओढून घेतं. चार वर्षांपर्यंत मास्क लावावा. त्यानंतर मुलाला नळीचं तोंड दातांमध्ये धरून ओठ मिटता आले, की मास्क काढावा. पायऱ्या अशा:

१. मुलाला ताठ बसवा. तान्ह्या बाळाला मांडीवर उभट धरा, झोपवून देऊ नका.

२. टोपण काढून पंप चांगला हलवा. पंप नवा असेल किंवा बरेच दिवस पडून असेल, तर आधी काही फवारे हवेत सोडा. किती, ते माहितीपत्रकात असतं.

३. पंप स्पेसरला लावा. मास्क नाक आणि तोंड झाकून घट्ट बसवा, कुठेही फट नको.

४. एकदाच दाबा.

५. मुलाला शांतपणे पाच-सहा श्वास घेऊ द्या. मोठ्याने मोजा. स्पेसरची झडप हलताना दिसली पाहिजे.

६. दुसरा पफ द्यायचा असेल तर अर्धा ते एक मिनिट थांबा, पंप पुन्हा हलवा आणि पहिल्यापासून करा. दोन पफ एकदम मारले की त्यातलं बरंचसं स्पेसरच्या भिंतींनाच चिकटतं.

७. रोजच्या पंपानंतर चूळ भरायला लावा. बाळाचं तोंड ओल्या फडक्याने पुसा, मास्क वापरला असेल तर चेहराही धुवा. तोंडात पांढरे चट्टे पडत नाहीत.

स्पेसर महिन्यातून एकदा तरी भांडी घासायच्या साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून काढा आणि तसाच निथळत ठेवा. फडक्याने पुसला तर प्लास्टिकवर विद्युतभार येतो आणि औषध भिंतीला ओढलं जातं.

मूल रडत असताना दिलेलं औषध आत फारसं पोचत नाही. म्हणून पहिले दोन दिवस नुसता खेळ करा. स्पेसरवर चित्र चिकटवा, बाहुलीला पंप द्या, मुलाला आईच्या तोंडावर मास्क धरू द्या. दात घासण्याआधीची वेळ ठरवून टाकली की विसरही पडत नाही आणि चूळही आपोआप भरली जाते.

स्पेसर मिळतच नसेल तर? दक्षिण आफ्रिकेतल्या बालरोगतज्ज्ञ हेदर झार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये दाखवून दिलं की अर्ध्या लिटरच्या प्लास्टिकच्या बाटलीच्या तळाला पंप घट्ट बसेल असं भोक पाडून केलेला स्पेसर विकतच्या स्पेसरच्या तोडीस तोड काम देतो. दूरच्या वाडीवर ही माहिती जीव वाचवू शकते. मात्र तो कसा करायचा, हे आधी डॉक्टरांकडून किंवा परिचारिकेकडून बघून घ्या.

तीन रंगांचा कागद

झटका बहुधा रात्री येतो, आणि त्या वेळी डोकं चालत नाही. म्हणून शांत दिवशी डॉक्टरांकडून एक कागद लिहून घ्या आणि फ्रिजवर किंवा देव्हाऱ्याशेजारी चिकटवा. औषधांची नावं आणि पफची संख्या तुमच्या मुलाप्रमाणे त्यावर असली पाहिजे. खाली दिलंय ते सर्वसाधारण आहे. तुमच्या कागदावर वेगळं असेल तर कागदच पाळा.

हिरवा: रात्री झोप लागते, खेळताना दम लागत नाही, खोकला नाही. रोजचा पंप चालू ठेवा. बरं वाटतंय म्हणून बंद करू नका. कमी कधी करायचा, ते डॉक्टर ठरवतील.

पिवळा: सर्दी सुरू झाली, रात्री खोकला उठला, छाती वाजते, खेळ अर्ध्यावर सोडून मूल बसतं. तातडीच्या पंपाचे दोन पफ एकेक करून द्या. २० मिनिटं थांबा. आराम नसेल तर पुन्हा दोन, गरज पडली तर आणखी एकदा दोन. दोन तासांत सहापेक्षा जास्त पफ लागले किंवा आराम तीन-चार तासही टिकला नाही, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा.

लाल: मूल एक वाक्य सलग बोलू शकत नाही, बाळ अंगावर पीत नाही. पोट उडतंय, बरगड्यांमधली आणि गळ्याखालची कातडी आत ओढली जाते. ओठ निळसर दिसतात, मूल गळून जातं किंवा गुंगीत असतं. आधी वाजणारी छाती एकदम शांत झाली आणि मूल मात्र दमलेलंच आहे, हे सगळ्यांत वाईट लक्षण. त्याला बरं होणं समजू नका. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या वाहनाने निघा. मुलाला ताठ बसवून ठेवा, आणि वाटेत लिहून दिलेल्या मात्रेप्रमाणे तातडीचा पंप चालू ठेवा. खोकल्याचं सिरप पाजत, छातीला तेल चोळत घरी थांबू नका.

“मशीनने वाफ दिल्याशिवाय सुटत नाही” अशी बऱ्याच घरांची खात्री असते. सौम्य आणि मध्यम झटक्यात स्पेसरमधून नीट दिलेला पंप मशीनइतकाच गुण देतो, तोही वीज गेलेली असताना आणि एसटीत बसूनसुद्धा.

घरातला धूर, घरातली धूळ

औषध नीट जात असलं तरी त्रास वाढवणारी गोष्ट उशाशी जळत असेल तर दमा आटोक्यात येत नाही. पहिला नंबर डासांच्या कॉइलचा. २००३ मधल्या एका अभ्यासात एक कॉइल जळताना निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींच्या धुराइतके भरले. बंद खोलीत, मुलाच्या पलंगाखाली, रात्रभर. मच्छरदाणी हा त्याला साधा आणि खात्रीचा पर्याय आहे.

दुसरं, तव्यावर भाजली जाणारी मिश्री. बाई विडी ओढत नाही म्हणून घरात तंबाखूचा धूर नाही असं आपण धरून चालतो, आणि शेजारीच मूल खेळत असतं. चूल, गोवऱ्या, पाणी तापवायचा बंब यांचंही तेच. गॅस नसेल तर निदान मुलाच्या झोपायच्या खोलीकडे धूर जाणार नाही असं बघा. मिरचीची फोडणी देताना मुलाला अंगणात पाठवा. उदबत्ती, धूप देवापुढे लावायचाच असेल तर खिडकी उघडी ठेवा, मूल दुसऱ्या खोलीत असू द्या.

आपल्या सणांचं वेळापत्रकच दम्याच्या दृष्टीने वाचून ठेवावं. आषाढ-श्रावणात भिंतींना ओल येते, बुरशी धरते. नवरात्रापूर्वी माळा काढतात, गोधड्या धुतात; तो दिवस मुलाला मावशीकडे पाठवायचा. धुतलेल्या गोधड्या मात्र त्याच्या फायद्याच्या असतात, कारण धूळकिडे त्यांच्यातच राहतात. चादर आणि अभ्रे आठवड्याला कढत पाण्यात धुवा. दिवाळीत फटाके आणि ताजा रंग, पुढे ऊसतोडीनंतर पेटवलेलं पाचट, मग शेकोट्या, होळी आणि मळणीची धूळ. यातलं तुमच्या मुलाला नेमकं काय बाधतं, ते वहीत टिपा. दोन ऋतूंत चित्र स्पष्ट होतं, आणि जे बाधत नाही ते उगाच बंद करावं लागत नाही.

आजीची भीती

घरात आजी ‘नको’ म्हणाली की पंप बंद होतो, हे मी कितीदा पाहिलंय. म्हणून तपासणीला आजीलाही घेऊन या, असं आता मी मुद्दाम सांगतो. तिच्या प्रश्नांना उत्तर मिळालं पाहिजे.

“पंपाची सवय लागते का?” नाही. आजार दीर्घकाळ टिकतो म्हणून औषध दीर्घकाळ लागतं. चष्म्याची सवय लागली असं आपण म्हणत नाही.

“पंप फार जालीम असतो का?” साल्ब्युटामॉलच्या एका पफमध्ये १०० मायक्रोग्रॅम औषध असतं. त्याच औषधाच्या सिरपच्या एका चमच्यात, म्हणजे पाच मिलिलिटरमध्ये, २ मिलिग्रॅम, म्हणजे २० पफइतकं. जे सिरप आपण बिनधास्त पाजतो ते आधी सगळ्या अंगात फिरतं, मग थोडं छातीत पोचतं.

“स्टिरॉइडने वाढ खुंटते का?” याचं उत्तर लपवू नये. उत्तर अमेरिकेत चार ते सहा वर्षं रोज बुडेसोनाइड घेतलेल्या मुलांचा पाठपुरावा केला, तेव्हा मोठेपणी त्यांची उंची सरासरी १.२ सेंटिमीटरने कमी भरली. डॉक्टर कमीत कमी पुरेशी मात्रा शोधतात ती त्यासाठीच. दुसऱ्या बाजूला, रात्र रात्र न झोपणारं, खेळू न शकणारं मूलही नीट वाढत नाही.

“केळं, दही, भात बंद करू का?” मुलाला ठरावीक पदार्थाने त्रास होतो असं पुन्हा पुन्हा दिसलं असेल तरच. एरवी मुलाला पोटभर जेवू द्या.

कोजागरीच्या खिरीतून दिलं जाणारं औषध, मृग नक्षत्रावर हैदराबादला मिळणारा मासा यांवर श्रद्धा असणारी घरं आहेत. त्यांना मी हात जोडून एकच विनंती करतो: त्यासाठी रोजचा पंप बंद करू नका, आणि लहान मुलाच्या घशात जिवंत मासा घालू देऊ नका.

शाळेची मदत

मुलाचे दिवसाचे सहा-सात तास शाळेत जातात. जूनमध्ये वर्गशिक्षकांना भेटा. तीन रंगांच्या कागदाची प्रत, नाव लिहिलेला तातडीचा पंप आणि स्पेसर शाळेत ठेवा, आणि तो कुलूपबंद कपाटात नसेल याची खात्री करा. शिक्षकांना विनंती अशी: झटका आला तर मुलाला ताठ बसवा, पंप द्या, एकट्याला घरी पाठवू नका. वर्ग झाडायची किंवा फळा पुसायची पाळी त्याला देऊ नका, त्याऐवजी झाडांना पाणी घालायचं काम द्या. खेळाच्या तासाला मात्र बाजूला बसवू नका. खेळताना दम लागत असेल तर तो दमा आटोक्यात नसल्याचा निरोप आहे, तो पालकांना कळवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा सरकारी शाळेत तपासणीला येतं. त्यांच्या यादीत वारंवार छाती वाजण्याचा विकार आहे. त्या दिवशी शिक्षकांनी ‘हा सारखा खोकतो’ एवढं सांगितलं तरी एका मुलाचं निदान वेळेवर होईल.

मुलाशीही बोला. आठ-दहा वर्षांचं मूल सगळं समजू शकतं. पंपाचा शोधच एका मुलीच्या प्रश्नातून लागला आहे. अमेरिकेत रायकर लॅबोरेटरीजचे प्रमुख जॉर्ज मेसन यांच्या तेरा वर्षांच्या मुलीला दमा होता. काचेच्या फवारणीयंत्राचा रबरी फुगा दाबून ती कंटाळली आणि तिने विचारलं, केसांवर मारायच्या फवाऱ्यासारख्या डबीत हे औषध का भरत नाहीत? १९५६ मध्ये पहिला पंप बाजारात आला.

आज रात्री

त्या आईला मी त्या दिवशी औषध बदलून दिलं नाही. स्पेसर तिच्या हातात दिला, एकदा करून दाखवलं, मग तिच्याकडून तीनदा करून घेतलं. पंधरा मिनिटं गेली. आठवड्याने बोलावून पुन्हा करून घेतलं, तेव्हा तिसरी पायरी चुकली होती. महिन्याने चुकलं नाही, आणि महिनाभरात तो मुलगा एकाच रात्री खोकून उठला होता. डॉक्टर, परिचारिका, आशाताई यांना माझी विनंती आहे की ‘समजलं का?’ असं विचारू नये. त्याला कोणीही मान हलवतं. ‘करून दाखवा’ म्हणावं, दर खेपेला म्हणावं.

आणि पालकांनो, आज रात्री एक करा. घरात पंप द्यायला एकट्या आईलाच येत असेल, तर आज पंप बाबांच्या, आजोबांच्या किंवा मोठ्या ताईच्या हातात द्या. आईने शेजारी बसून वरच्या सात पायऱ्या मोठ्याने वाचाव्यात. आई शेतावर असेल, माहेरी गेली असेल, अशाही रात्री झटका येतो, आणि त्या रात्री घरात आणखी दोन हात तयार असायला हवेत.